माडीच्या गॅलरीत सोलर प्लेट लावता येते का? गच्ची आमच्या हिश्श्यात नाही

पूर्णाकाठची (9 मार्च, रात्री)

नमस्कार सगळ्यांना. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहून राहिली. बरेच दिवसांपासून इथं नुसती वाचत होती, आज स्वतःचं विचारायची वेळ आली.

आमचं घर दोन मजली. वाटण्या झाल्या तेव्हा खालच्या खोल्या आणि गच्ची भासऱ्यांकडे (ह्यांच्या मोठ्या भावाकडे) गेली, माडीवरच्या दोन खोल्या आणि पुढची गॅलरी आमच्याकडे. गच्चीवर त्यांची पाण्याची टाकी, डिश आणि हंगामात तूर-हरभऱ्याचं वाळवण असते, जिन्याले कुलूप असते. भांडण काही नाही पण मागायचं पण नाही, हे आधीच सांगून ठेवते नाहीतर पहिला सल्ला तोच येईन.

गॅलरी 11 फूट लांब, साडेतीन फूट रुंद, तोंड पश्चिमेले. लोखंडी कठडा. खाली गावचा रस्ता, समोर रस्त्यापलीकडे थोडं उजव्या हाताले कडुनिंबाचं मोठं झाड. डोक्यावर गच्चीचा स्लॅब गॅलरीवर पुरा आलेला.

अडचण अशी की उन्हाळ्यात रात्री डीपीवरचा एक फेज गेला की सकाळपर्यंत काही खरं नसते. घरी इन्व्हर्टर आहे, 150 एएचची बॅटरी आहे, पण दिवसा लाईटच धड राहिली नाही तर ती बॅटरी भरन कशी? मागच्या मे महिन्यात सासूबाई (वय 81) लागोपाठ तीन रात्री पदरानं वारा घेत बसून होत्या, आडव्या झाल्या की त्यांचा जीव घाबरा होते. मी आणि आमचे हे पाळीपाळीनं पुठ्ठ्यानं हवा घालत होतो. ते दिवस मले यावर्षी परत नको. लेक पण यंदा दहावीत जाईन.

मोबाईलवर पाहिलं, जर्मनीत लोक गॅलरीच्या कठड्याले प्लेटा टांगतात आणि पिन सरळ भिंतीतल्या सॉकेटात घालतात, झालं काम. 800 वॅटचा तसा सेट इथं पण ऑनलाईन दिसून राहिला. घेऊ का? कोणी लावला आहे का गॅलरीत?

जुना वायरमन (9 मार्च)

ताई, पह्यले एक गोष्ट आईका. पिनवाला सेट घेऊ नका. बाकी सगळं मंग बोलू.

कायले नाही थे सांगतो. पिन सॉकेटात घातली म्हणजे प्लेटची वीज तुमच्या घराच्या वायरिंगमधून लाईनीवर जाते. त्या सेटमधला इन्व्हर्टर चांगल्या बनावटीचा असन तं बाहेरची लाईट गेल्याबरोबर थो सोताहून बंद पडते, त्याले अँटी-आयलँडिंग म्हणतात, थे सक्तीचंच हाये. म्हणजे ज्या रात्रीसाठी तुम्ही हे घेऊन रायल्या, त्याच टायमाले थो सेट मुका. दिवसा लाईट नसली तरी मुका, प्लेटवर कितीबी ऊन पडू द्या. आन रात्रीसाठी साठवून ठेवणं त्याच्यात नाहीच.

आन समजा स्वस्तातला असला, बंद नाही झाला, तं त्याच्याहून वाईट. मी 22 वर्षं पोलावर चढलो. एकदा शटडाऊन घेतलेला, डीपीचा स्विच माह्या डोयादेखत खाली केलेला, तरी तारेले हात लावल्याबरोबर झटका बसला. खाली एका घरी लग्नाचा जनरेटर चेंजओव्हर (बाहेरची लाईन तोडून जनरेटर जोडणारा स्विच) न लावता सरळ सॉकेटात घुसवला होता. कमरेले पट्टा होता म्हणून लटकून रायलो, नाहीतं हे लिहाले मी नसतो. म्हणून हात जोडून सांगतो, कोणीच असं उलटं करंट सोडू नका, वर चढणाऱ्या पोराले मायबाप असते.

मीटरचंबी सांगतो. न विचारता उलटी वीज पाठवली तं बिल कमी होत नाही, बऱ्याच साध्या मीटरमधे उलटं गेलेलं युनिटबी वापर म्हणूनच चढते. लाईनीले जोडाचं असन तं महावितरणकडे अर्ज करा लागते, नेट मीटर (आलेली-गेलेली दोन्ही वीज मोजणारं) लागते, तपासणी होते.

अकोल्याचा म्युनिकात (10 मार्च)

ताई, मी मूळचा अकोल्यातल्या अकोट फाईलचा, सहा वर्षांपासून म्युनिकला. माझ्या स्वतःच्या गॅलरीत दोन प्लेटा टांगल्या आहेत म्हणून लिहितो. वायरमन काकांचं शंभर टक्के बरोबर.

इकडे याला बाल्कोन-क्राफ्टवेर्क म्हणतात, म्हणजे गॅलरीतलं वीजघर. मे 2024 मधे नियम सैल केले, इन्व्हर्टरची मर्यादा 600 वरून 800 वॅट केली, प्लेटा 2000 वॅटपर्यंत चालतात, सरकारी नोंदवहीत ऑनलाईन नोंद केली की झालं. 2023 पासून यावर व्हॅट शून्य आहे. ऑक्टोबर 2024 पासून घरमालक किंवा बिल्डिंगवाले उगाच नाही म्हणू शकत नाहीत. आता असे सेट नोंद झालेलेच दहा लाखांच्या वर आहेत. पण हे सगळं का वाढलं ते पहा ना, इकडे अर्ध्याहून जास्त लोक भाड्यानं राहतात, गच्ची कोणाची नसतेच, वीज महाग, आणि लाईट जाते म्हणजे काय हे माझ्या शेजारणीला समजावून सांगावं लागलं. इथले लोक बिल कमी करायला लावतात, दिवसभर फ्रिज वगैरे चालू असते त्यात ती वीज खपून जाते. तुम्हाला पाहिजे आहे रात्रीचा पंखा. दोन्ही गोष्टी फार वेगळ्या आहेत.

आणखी एक, म्युनिक 48 अक्षांशावर आहे. इथं डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 18-19 अंश वर असते, म्हणजे उन्हं आडवी येतात आणि कठड्याला सरळ उभी टांगलेली प्लेट त्याच्या बरोबर तोंडासमोर असते. आपल्या अकोल्या-दर्यापुरात सूर्य डोक्यावर. उभी प्लेट तिथं काय करन? यावर कोणीतरी जाणकारानं सांगा, मला कोन काढता येत नाही.

झेडपी मास्तर (10 मार्च)

कोनाचं मी सांगतो, दरवर्षी पोरांकडून अंगणात काठी रोवून करून घेतो.

आपण साधारण 21 उत्तर अक्षांशावर. 21-22 डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेकडे 45-46 अंशावर असतो, ही आपल्याकडची सगळ्यात खालची दुपार. तिथून वर वर सरकत मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत तो बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या बुडातच जाते, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी चक्क थोडा उत्तरेकडे असतो.

आता गॅलरीला लावून पहा. सगळे सांगतात की प्लेट दक्षिणेला लावा, गच्चीवर वीसेक अंश तिरप्या प्लेटसाठी ते बरोबरच आहे. पण दक्षिणेच्या गॅलरीत उभी टांगली तर डिसेंबरात मस्त चालेल आणि नेमकं मे-जूनमधे, जेव्हा पंख्याची खरी गरज, तेव्हा तिला धड ऊनच मिळणार नाही. त्यात ताईंच्या गॅलरीवर स्लॅब आलेला, म्हणजे डोक्यावरचा सूर्य स्लॅबच्या मागेच लपणार.

पश्चिमेची गॅलरी मात्र उन्हाळ्यात कामाची. मे महिन्यात सूर्य जवळपास पूर्वेकडून निघून डोक्यावरून पश्चिमेलाच उतरतो. दुपारी 3 वाजता तो पश्चिमेला साधारण पन्नास अंशावर असतो. प्लेट उभी न ठेवता खालची कड रस्त्याच्या बाजूला फूटभर बाहेर काढली, म्हणजे जमिनीशी साठेक अंशाचा कोन झाला, तर 3 ते 5 या वेळात उन्हं तिच्यावर जवळपास सरळ पडतील. सकाळी काहीच मिळणार नाही हे धरून चाला.

ताई, खर्च करायच्या आधी एक करा. प्लेटच्या मापाचा पुठ्ठा कापून कठड्याला तसाच तिरपा बांधा आणि एका दिवशी दर अर्ध्या तासाला पहा की पूर्ण ऊन कधी आलं आणि कधी गेलं. झाडाची, कठड्याच्या गजाची, दोरीवरच्या लुगड्याची, कसलीही सावली पट्ट्यासारखी जरी पडली तरी लिहून ठेवा. प्लेटमधल्या चकत्या एकामागे एक जोडलेल्या असतात, दोन-चार चकत्या सावलीत गेल्या की त्या ओळीचा सगळा जोर पडतो. कपड्याच्या दोरीनं अर्धी प्लेट मेलेली मी आमच्या शाळेतच पाहिली आहे.

संत्रावाला (10 मार्च)

एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. पीएम सूर्यघर या सरकारी योजनेतून 3 किलोवॅट गच्चीवर बसवा, 78,000 रुपये सबसिडी येते, 1 किलोवॅटला 30,000 आणि 2 ला 60,000 आहे. 1 किलोवॅटमागे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट बनतात, बिलच संपते. आमच्या वावरात मागेल त्याला सौर कृषी पंपवाल्या प्लेटा आहेत, 10 टक्के भरले आम्ही, दिवसा ओलीत होते, रात्रीचं जागरण आणि सापाचं भ्या गेलं. सोलर करायचं तर मोठंच करा. भासऱ्यांशी एकदा बसून बोला, घरातलीच गोष्ट आहे.

पूर्णाकाठची (11 मार्च)

संत्रावाले भाऊ, तुमच्या वावरातलं ऐकून खरंच बरं वाटलं. पण गच्चीचं मी वर लिहिलंच आहे. वाटणीपत्रावर सही झाल्यावर चार वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे, सासूबाईंचे दोन्ही पोरं दिवाळीले एका ताटात जेवतात. तो धागा मी ओढणार नाही.

मास्तर सर, पुठ्ठा बांधला आज. रविवारी पूर्ण दिवस पाहून सांगते.

जुना वायरमन (11 मार्च)

संत्रावाले भाऊ, ज्याची गच्ची त्यानं ते करावंच, मीबी दहा घरी करून देल्लं. पण थे लाईनीले जोडलेलं असते, लाईट गेली की थेबी बंद. बॅटरीवाला हायब्रीड घेतला तं गोष्ट येगळी. आन लाईनीले न जोडलेल्या लहान सेटले सबसिडी नाही, हे ताईले आधीच मालूम असू द्या.

माडीवरची (11 मार्च)

ताई मी दारव्ह्याकडची. मी लावली होती गॅलरीत प्लेट, मागच्याच्या मागच्या वर्षी, आणि पडली. ते सांगते म्हणजे तुमच्या घरी नाही होणार.

एका दुकानातून घेतली, लावून देणारा पोरगा त्यांचाच. त्यानं प्लेटच्या फ्रेमच्या भोकातून बांधकामाची बायंडिंग तार घातली आणि कठड्याले चार जागी पिळून देल्ली, वरून प्लास्टिकच्या पट्ट्या आवळल्या, अर्ध्या तासात काम खतम. मी म्हटलं भाऊ वावधन आलं तर? म्हणे काही होत नाही ताई. एप्रिलात संध्याकाळी अवकाळी आली. आधी धूळ, मग असं वारं की दाराची कडी सोताहून वाजाले लागली. मी आतून पाहून रायली होती, प्लेट आधी पाखरासारखी वर-खाली हालली, दोन झटके, आणि तिसऱ्या झटक्याले गेली. खाली आमच्याच गोठ्याच्या टिनावर पडली, टिन फाटलं, काचेचा पार भुगा. दहा मिनिटं आधी माझा पोट्टा त्याच टिनाखाली शेळीले पाला टाकत होता. ते आठवलं की आजही अंगावर काटा येते. दुकानवाल्यानं फोन उचलणं बंद केलं.

दुसरी प्लेट आम्ही लावली पण गावच्या वेल्डिंगवाल्याकडून, अँगल ठोकून. ती दोन पावसाळे झाले तशीच आहे.

झेडपी मास्तर (11 मार्च)

या ताईंनी सांगितलं ते अगदी महत्त्वाचं, त्याचा हिशोब मांडतो. आयएस 875 या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर, हा पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येणारा झोत. वेगाचा वर्ग करून 0.6 नं गुणलं की एका चौरस मीटरवरचा दाब निघतो, 1161 न्यूटन, म्हणजे जवळपास 118 किलो वजन. 165 वॅटची लहान प्लेट साधारण 148 बाय 67 सेंटिमीटर, बरोबर एक चौरस मीटर समजा. दोन प्लेटा म्हणजे सव्वादोन क्विंटलच्या वर जोर, तो पण कधी आत ढकलणारा कधी खालून उचलणारा. प्लेटचं स्वतःचं वजन अकरा-बारा किलो. त्यामुळे प्लेट जड आहे, हालणार नाही, हे मनातून काढून टाका.

गच्चीवर लावतात त्या 540-550 वॅटच्या मोठ्या प्लेटा गॅलरीसाठी घेऊच नका, सव्वादोन मीटर लांब आणि 28 किलोच्या आसपास असतात, तेवढं शीड झालं.

अचलपूर फॅब्रिकेशन (12 मार्च)

वेल्डिंगचं काम करतो, तीन गॅलऱ्यांना असे स्टँड बनवून दिले आहेत म्हणून लिहितो.

कठड्यावर भरवसा ठेवायचा नाही. आपल्याकडचे जुने कठडे विटांच्या खांबात नुसते सिमेंटनं बुजवलेले असतात, बुडाशी हात फिरवला की गंजाचे पापुद्रे निघतात. चार इंची विटांच्या बांधावर पण अँकर मारायचा नाही, वीट फुटून येते. पकड पाहिजे ती गॅलरीच्या स्लॅबच्या कडेला, बीम असला तर बीमला. 10 एमएमचे अँकर बोल्ट, एका पायाला दोन, चार पाय. 35 बाय 5 चा अँगल, त्याला आधी रेड ऑक्साईड मग पेंट. प्लेटला भोक पाडायचं नाही, फ्रेमला मागून कंपनीचीच भोकं असतात तिथंच स्टीलचे नट-बोल्ट, स्प्रिंग वॉशर टाकून. वरच्या कडेला बिजागरी ठेवली तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कोन बदलता येतो पण खालच्या बाजूला पिन नाही, नटच पाहिजे. आणि एक लोखंडी साखळी प्लेटच्या फ्रेमपासून आतल्या भिंतीतल्या हुकाला वेगळी, सगळं सुटलं तरी प्लेट रस्त्यावर नाही जायची.

दोन गोष्टी ताई लोकांना सुचत नाहीत. एक, खालून रस्ता आहे तर कुटाराची भरलेली ट्रॉली किती उंच जाते ते मोजा. एका ठिकाणी आम्ही प्लेट फूटभर बाहेर काढली आणि सोयाबीनच्या हंगामात ट्रॉलीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागता लागता राहिली, मग सगळं वर उचलावं लागलं. दोन, वांदरं. टोळी आली की टिनावरून उडी थेट प्लेटवर. काच 3.2 एमएमची कडक असते, सहज फुटत नाही, पण वायरी ओढतात, म्हणून वायर उघडी लोंबती ठेवायची नाही, पाईपातून घ्यायची.

पूर्णाकाठची (16 मार्च)

पुठ्ठ्याचा निकाल. काल सकाळपासून वही घेऊन बसली. 12 वाजेपर्यंत पुठ्ठ्यावर ऊन नाही. पावणेएकले खालच्या कडेपासून ऊन सुरू, सव्वाएकले पूर्ण. 5.50 ले झाडाची सावली उजव्या कोपऱ्यावर आली. म्हणजे साडेचार तास चांगलं ऊन. दोरी काढून मागच्या खोलीत बांधली. ट्रॉलीचं पण मोजलं, ह्यांनी बांबूले खूण करून पाहिलं, हात-दीड हात जागा राहते.

सासूबाईंनी विचारलं पुठ्ठ्याले काहून पाहून रायली, म्हटलं तुमच्या पंख्यासाठी. त्या पण मग दुपारभर ऊन आलं, ऊन गेलं सांगत बसल्या.

आता 165 च्या दोन प्लेटा आडव्या लावल्या तर 11 फुटात बसतात. त्यावर काय काय चालन?

जुना वायरमन (16 मार्च)

वा ताई, असं मोजून कोणी नाही करत.

हिशोब पहा. दोन प्लेटा 330 वॅट. साडेचार तास, पण ऊन पूर्णवेळ सरळ नाही, आन आपल्या उन्हायात प्लेट तापते. 25 डिगरीच्या वर प्लेट जेवढी तापन तेवढा दर डिगरीमागे 0.3 ते 0.4 टक्का जोर कमी होते, आन दुपारी प्लेट 65-70 ले जाते, हात लावता येत नाही. म्हणून भिंतीले चिकटवू नका, मागून हवा खेळू द्या. सगळं धरून दिवसाले पाऊण युनिट मिळन, जास्तीत जास्त एक. बॅटरीत घालता-काढता त्यातलं थोडं जाते, हाती सहाशे वॅटतास धरा.

जुना पंखा 75 वॅट खाते, रात्रभर दोन पंखे चालवले तं बाराशे, जमत नाही. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणारा नवा, 30-35 वॅटचा. दोन पंखे आठ तास म्हणजे पाच-साडेपाचशे, वरून 9 चे दोन बल्ब दोन-तीन तास. बसलं बरोबर. म्हणून पह्यला खर्च पंख्यावर करा, प्लेटवर मंग. कुलर 150-200 वॅट खाते, थो रात्री या बॅटरीवर नको. दुपारी 2 ते 5 प्लेट चालू असताना चालवाचा असन तं चालन, पण तेवढं रात्रीचं कमी होईन.

जोडणी अशी. प्लेटा पॅरलल, 4 स्क्वेअर एमएमची डीसी वायर, मधे डीसीचा एमसीबी (करंट जास्त झाला की सोताहून पडणारा खटका). घरातला साधा एसीचा खटका वापरू नका, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही, खटका जयते. मंग चार्ज कंट्रोलर (प्लेटची वीज आवरून बॅटरी भरणारा डबा), थो एमपीपीटी घ्या, प्लेटमधून जास्तीत जास्त जोर काढते, मंग बॅटरी, बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज. फ्रेमले अर्थिंग. आन तुमच्या जुन्या इन्व्हर्टरची एक खोड हाये, लाईट आली की थो आधी लाईनीवरून बॅटरी भरून टाकते, मंग दुपारी प्लेटले काही कामच राहत नाही. सकायी लाईनीकडून चार्जिंगचा स्विच बंद करा, संध्याकायी 6 ले बॅटरी कमी दिसली तरच चालू करा. याच्यासाठी वेगळं युनिटबी भेटते, पण तुम्ही घरी असता तं हातानं जमते.

बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्ड. आपल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी घातलं की बॅटरीतल्या प्लेटा लवकरच सडल्या समजा, लोक घालतात आन मंग बॅटरीले शिव्या देतात.

माडीवरची (17 मार्च)

खारं पाणी प्लेट धुवाले पण नको ताई. दर्यापुरात माझी बहीण आहे, तिनं बोअरच्या पाण्यानं दुपारी धुतली, तापलेल्या काचेवर पांढरे डाग बसले ते निघता निघेनात. आरओच्या कॅनमधलं तांब्याभर पाणी, मऊ फडकं, सकाळी लवकर. रस्त्यावरच्या गॅलरीत धूळ लय बसते, आठवड्यातून एकदा तरी पुसा लागते, कापूस-तुरीच्या हंगामात दोनदा.

अकोल्याचा म्युनिकात (17 मार्च)

हा धागा वाचून माझ्या आईसाठी अकोल्याच्या घरी हेच करायचं ठरवलं. तिची गॅलरी पूर्वेला आहे. मास्तर सर, पूर्वेला पण पश्चिमेसारखंच गणित ना, फक्त सकाळचं?

झेडपी मास्तर (17 मार्च)

हो, आरशात पाहिल्यासारखं. उलट सकाळी हवा थंड, प्लेट कमी तापते, थोडं जास्तच मिळेल. फक्त पावसाळ्यात कोणत्याच बाजूला आशा धरू नका, जुलै-ऑगस्टात झड लागली की चार-चार दिवस बॅटरी लाईनीवरच भरावी लागेल.

पूर्णाकाठची (2 जून)

उशिरा लिहून राहिली, माफ करा, मधे कापसाच्या पेरणीची तयारी आणि लेकीचे क्लास.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बसवलं. अँगल-स्टँड गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं केला, अचलपूरच्या भाऊंचा मेसेज मी त्याले जसाच्या तसा वाचून दाखवला. स्लॅबच्या कडेले ड्रिल मारताना एका जागी पोकळ आवाज आला, तिथं सोडून दीड वीत बाजूले घेतलं. प्लेटा, कंट्रोलर, वायर, स्टँड मिळून 18,600 रुपये लागले, त्यात दोन बीएलडीसी पंखे धरले नाहीत, ते आधीच घेतले होते काकांनी सांगितल्यावर.

कंट्रोलरवर रोजचा आकडा दिसते तो मी कॅलेंडरवर लिहिते. चांगल्या उन्हाच्या दिवशी 0.7 ते 0.9 युनिट. एकदाच 0.92. ढग असले की 0.3, एक दिवस 0.2 पण आला. 44 डिगरीच्या दुपारी 330 वॅटच्या प्लेटांनी सगळ्यात जास्त 235 वॅट देल्ले, त्याच्या वर कधी गेलं नाही, काकांनी सांगितलं होतं तसंच. मे महिन्यात झाडाची सावली मार्चपेक्षा लवकर येऊ लागली, 5.20 लेच. सूर्य मावळतीले उजवीकडे सरकला म्हणून, हे मले आता समजते.

8 मे ले संध्याकाळी वावधन आलं. टिनं उडाली गावात, एक पोल वाकला. मी गॅलरीचं दार लावून काचेतून प्लेटा पाहत उभी होती, हातपाय थरथरत होते. हालल्या नाहीत. साखळी तेवढी वाजत होती. त्या रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी चारले आली. दोन्ही पंखे पहाटे पावणेपाचपर्यंत चालले, मग इन्व्हर्टरनं शिटी मारली. मी उठून पाहिलं तर सासूबाई पंख्याखाली कुशीवर झोपलेल्या होत्या, पदर डोक्याखाली घडी करून घेतलेला. मे महिन्यात त्यांना अशी झोपलेली मी किती वर्षांनी पाहिली.

एक चूक झाली ती पण सांगते. पहिले दहा दिवस लाईनीवरचं चार्जिंग बंद करायचं राहून गेलं आणि कंट्रोलरवर रोज 0.1 दिसे, मले वाटलं प्लेटच खराब. काकांचा मेसेज परत वाचला तेव्हा डोक्यात उजेड पडला.

माडीवरची (2 जून)

ताई डोळ्यात पाणी आलं वाचून. साखळीचा आवाज मले ऐकू आल्यासारखा वाटला.

जुना वायरमन (2 जून)

पावणेपाच म्हणजे चांगलं चाललं. पाऊस लागायच्या आधी एकदा सगळे नट पान्यानं आवळून घ्या, वाऱ्यानं ढिले होतात. आन बॅटरी रोज शिटी वाजेपर्यंत उतरवू नका ताई, शेवटी एक पंखा बंद केला तं बॅटरी जास्त दिवस जगन.

कपाशी (3 जून)

सगळा धागा वाचला. मी चांदूर बाजारकडचा. माझी गॅलरी उत्तरेला आहे, समोर मोकळं. मास्तर सरांनी लिहिलं की जूनमधे सूर्य उत्तरेला जातो, तर मला चालन का?

झेडपी मास्तर (3 जून)

जून-जुलैत सकाळ-संध्याकाळ थोडी तिरपी उन्हं येतील, पण तेव्हाच आपल्याकडे ढग. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर थेट ऊन एक मिनिट पण नाही. उत्तरेला पैसे घालू नका. घराची दुसरी बाजू, पडवीचं टिन, न्हाणीवरचा लहान स्लॅब, काही आहे का?

कपाशी (3 जून)

न्हाणीवरचा स्लॅब आहे, 5 बाय 6 फूट. पण त्याच्या शेजारी बोरीचं झाड आहे.

जुना वायरमन (3 जून)

पुठ्ठा बांधा भाऊ तिथं. आन फोटो टाका, झाड कोन्या बाजूले हाये थे दिसू द्या.